गोऱ्ह्याच्या गाईचं दूध

पहाटे गोठ्यासमोर गाडी थांबली की मला आतूनच कळतं, हे लोक कशाला आलेत ते. जनावर घ्यायला आलेला माणूस आधी दावणीकडं बघतो. हे लोक आधी घराकडं बघतात. हातात स्टीलचा डबा, नाहीतर फडक्यात गुंडाळलेला तांब्या. मागच्या सीटवर तोंडावर पदर घेऊन एक पोरगी बसलेली असते, तिला कुणी काही विचारत नाही. तिची सासू खाली उतरते आणि आवाज बारीक करून म्हणते, "काका, गोऱ्ह्याची गाय हाय का हो?"

"हाय."

"वाटीभर दूध पाहिजे होतं."

"डेअरी तिकडं हाय."

"तसलं न्हाई हो. औषधापुरतं."

आमच्या भागात पोरगा होण्याची पुडी देणारे लोक आहेत. कायद्याच्या भीतीनं पाटी लावत नाहीत, पण पत्ता सगळ्यांना पाठ. पुडी नुसती चालत नाही म्हणे. ज्या गाईला गोऱ्हा झालाय, म्हणजे नर वासरू, आणि तो गोऱ्हा जिवंत आहे, अशा गाईच्या दुधातच ती घ्यायची. दूध धारोष्ण पाहिजे, सूर्य उगवायच्या आत पाहिजे, आणि बाईनं उगवतीकडं तोंड करून उभ्यानं प्यायला पाहिजे. म्हशीचं चालत नाही. जर्सीचं चालत नाही. देवणीच पाहिजे. शिरूर अनंतपाळच्या आसपास अस्सल देवणी राखून असलेले आता थोडेच उरले, आणि त्यात माझं नाव पुढं आहे हे मी सांगायला नको. म्हणून ही जत्रा माझ्या दारात.

मी हाकलून देतो. आधीपासून देतो. घरची म्हातारी, माझी बायको, म्हणते, "वाटीभर दुधानं तुमचं काय जातंय?" दूध जात नाही, डोकं जातं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण माझ्या गोठ्यात उभं राहून कुणी मला सांगावं की माझ्या गाईच्या आचळातून पोरगा निघतो, हे मी ऐकून घेत नाही.

मी वळू राखलेला माणूस आहे. बरीच वर्षं राखला. काळ्या तोंडाचा, पांढऱ्या अंगाचा, चालला की खुराचा ठसा बघायला लोक थांबायचे. वळू राखणाऱ्याला शिव्यांची सगळी जात माहीत होते. बैलांचे दिवस होते तेव्हा गाईला कालवड, म्हणजे मादी वासरू, झाली की मालक तणतणत माझ्या ओट्यावर यायचा. "तुमच्या वळूनं घात केला. जोडी लावायची होती मला." मग ट्रॅक्टर आले. आता गोऱ्हा झाला की तोच मालक त्याच ओट्यावर, "तुमचा वळू नासला. गोऱ्ह्याला घेऊन काय चाटू?" वळू तोच, शिव्या देणारा तोच, फक्त शिवीचं तोंड फिरलं.

पण एक ध्यानात घ्या. कालवड झाली काय, गोऱ्हा झाला काय, गाईला कुणी एका शब्दानं बोललं नाही. ज्याच्याकडून गाय आणली त्याच्या दारात जाऊन "तुमची गाय परत घ्या" असं कुणी म्हटलं नाही. जनावराचं असलं की बापाला धरायचं आणि माणसाचं असलं की आईला धरायचं, हा न्याय कुठल्या पोथीत लिहिलाय ते मला कुणीतरी दाखवावं.

वळू म्हातारा होऊन गेला. मग मीही इतरांसारखा सरकारी दवाखान्यातून गाई भरवून घ्यायला लागलो. तिथं एक तरुण डॉक्टरीण आली होती, गोठ्यात शिरताना नाकाला रुमाल न लावणारी. रेताच्या बारीक नळीला आमच्याकडं कांडी म्हणतात. एके दिवशी ती म्हणाली, "काका, आता नवी कांडी आलीय. बहुतेक कालवडच होते."

मी म्हटलं, "बाई, मला येडा समजू नका. ते काय तुमच्या हातात हाय?"

"माझ्या नाही, मशीनच्या. वळूच्या रेतात दोन जातीचं बी असतं. एका जातीनं कालवड होते, दुसरीनं गोऱ्हा. दोन्ही जवळजवळ निम्मं निम्मं. मशीन त्यातलं गोऱ्ह्याचं बी बाजूला काढतं. तरी कधी कधी चुकतंच."

"आन गाईचं?"

"गाईकडं एकाच जातीचं असतं. ती काही ठरवूच शकत नाही."

हे ऐकून मला लई बरं वाटलं. म्हटलं, "म्हणजे सगळी करणी वळूची. मी हेच म्हणून राहिलो जन्मभर."

तर ती हसली. "करणी कसली काका? वळू काय निवडून सोडतो का? लाखो बिया एकदम धावतात, त्यातली कोणती आधी पोचेल ते वळूला कळत नाही, गाईला कळत नाही आणि मलाही कळत नाही. गाभ धरला त्या घडीलाच ठरून गेलं. नंतर काय खाल्लं, काय प्यालं, त्यानं फरक पडत नाही."

मी तिच्याशी भांडलो. असं कसं कुणाच्याच हातात नाही? मग देवाचं नाव घ्या सरळ. ती म्हणाली, देवाचं तुम्ही बघा, मी कांडीचं सांगते. घरी आलो आणि माझ्या वळूची पैदास आठवून बघितली. त्याच गाईला, त्याच वळूपासून एका वेताला गोऱ्हा, पुढच्या दोन वेतांना कालवडी, मग परत गोऱ्हा. चारा तोच, पाणी तेच, मालकाचा नवसही तोच. बाईचं खरं होतं. मला ते आवडलं नाही, कारण ज्याला धरून बडवावं असं त्यात कुणी राहत नव्हतं. पण खरं होतं.

त्या दिवशी दवाखान्यात बाकावर आमच्या गावचा एक शहाणा बसला होता. त्यानं विचारलं, "मॅडम, माणसासाठी अशी कांडी न्हाई का निघाली? गोऱ्ह्याची?" डॉक्टरीण म्हणाली, "आज विचारलंत ते ऐकलं नाही असं समजते. परत विचारलंत तर पोलीस ऐकतील." मी त्या शहाण्याकडं बघून म्हटलं, "लेका, गोठ्यात कालवड पाहिजे आन घरात गोऱ्हा पाहिजे व्हय रे?" तेव्हापासून तो मला रामराम घालत नाही. माझं काही अडलेलं नाही.

आता माझ्या लेकीचं सांगतो.

लेक नांदेडला दिली. जावई शाळेत मास्तर. साधा नाही, विज्ञानाचा. दहावीच्या वर्गाला शिकवतो. विष्णुपुरीच्या रस्त्याला दोन मजली घर, खाली मास्तर आणि त्याची आई, वर भाडेकरू. लेकीला दोन पोरी झाल्या. पहिलीच्या वेळी विहीणबाईंनी जिलेबी वाटली आणि "पहिली बेटी धनाची पेटी" असं तोंडानं म्हणाल्या. दुसरीच्या वेळी काहीच वाटलं नाही, म्हणाल्या काही नाही, आणि बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या दिवशी पाऊल टाकलं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आधी राज्याच्या सीमेपलीकडं जाऊन पोटात काय आहे ते तपासून आणायचं बोलणं निघालं. तिकडं जाणारी गाडी कुणाच्या तरी ओळखीची होती. लेकीनं सांगितलं, मी गाडीत बसणार नाही, बसवलं तर रस्त्यात उडी मारीन. माझीच लेक आहे ती. मग विहीणबाईंनी मला फोन केला.

"इवाईबुवा, आम्ही काय तुमच्या लेकीचे दुश्मन न्हाई. पण ह्या वेळेला काय कमीजास्त झालं तर तुमची लेक आन तिच्या पोरी तुमच्याकडंच राहतील. मला माझ्या पोराचं बघावं लागंल."

"काय बघणार?"

"ते तुम्हाला कळतंय."

मला कळत होतं. त्यांच्या भावाच्या घरात एक नवऱ्यानं सोडलेली भाची होती, तिचं कौतुक दोन वर्षं माझ्या कानावर येत होतं.

"एक उपाय हाय," विहीणबाई म्हणाल्या. "पुडी आणली हाय. गाय तुमच्याच घरची. परक्याच्या दारात जायचं काम न्हाई."

असे ते एका पहाटे आले. जावई गाडी चालवत, शेजारी विहीणबाई, मागं लेक, दोन पोरी घरी शेजारणीकडं ठेवलेल्या. मी ज्या गाड्या हाकलून देतो तशीच गाडी, तशीच मागची सीट. फक्त पदरामागचं तोंड माझं होतं.

म्हातारी चहा टाकायला धावली. मी जावयाला ओट्यावर बसवलं. म्हटलं, "जावईबापू, एक विचारू का?"

"विचारा ना, मामा."

"शाळेत तुम्ही पोरांना शिकवता. पोरगा का पोरगी, ते कशावरनं ठरतं म्हणून शिकवता?"

तो चहाच्या कपात बघायला लागला. "ते गुणसूत्रांवरनं ठरतं. बापाच्या."

"बापाच्या."

"हो. आईकडून एकाच प्रकारचं येतं. बापाकडून दोनपैकी कोणतंही."

"आन पुडीनं?"

"पुडीनं काही होत नाही, मामा."

"मग गाडी कशाला चालवत आणलीत एवढ्या लांब? अहमदपूरच्या घाणेरड्या रस्त्यानं?"

"आईचं समाधान. एवढंच. तिच्या मनाविरुद्ध कसं जायचं आता या वयात?"

परीक्षेत उत्तर चुकलं तर पोराच्या हातावर छडी मारणारा माणूस हा. उत्तर त्याला पाठ होतं. मला त्या वेळेला त्याच्यापेक्षा त्याची आई बरी वाटली. तिला निदान माहीत तरी नव्हतं.

विहीणबाई घाई करायला लागल्या. "सूर्य वर यायला लागला इवाईबुवा, काढा लवकर."

माझ्या दावणीला तेव्हा दोन गाई दुधात होत्या. दोन्ही एका रंगाच्या, तोंड काळं, अंग पांढरं. एकीला गोऱ्हा होता आणि एकीला कालवड. दोन्ही वासरं एका वयाची, उंचीला सारखी. मी तांब्या घेतला आणि कालवडीच्या गाईखाली बसलो. कालवडीला सोडलं, तिनं दोन ढुशा दिल्या, गाईनं पान्हा सोडला. मग तिला ओढून बाजूला, गाईच्या तोंडापुढं बांधलं. सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत.

विहीणबाई शेणातून दूर, निऱ्या वर धरून उभ्या. म्हणाल्या, "गोऱ्हाच हाय न्हवं?"

मी म्हटलं, "वासरू तुमच्या समोर बांधलंय. बघून घ्या की शेपूट उचलून."

"इश्श! मी काय बघू? तू बघ रे."

शेवटचं पोराला. मास्तर दोन पावलं पुढं आला. देवणीच्या कालवडीलाही बेंबीखाली जराशी सैल कातडी लोंबते. त्यानं वाकून बघितलं, नीट बघितलं, चष्मा सरळ केला.

"गोऱ्हाच आहे, आई."

मी दूध काढत होतो. हसू येऊन धार तांब्याबाहेर गेली. पोटातल्या गर्भाची जात बदलायला निघालेले लोक, आणि पुढ्यात चार पायांवर उभ्या असलेल्या वासराची जात त्यांना ओळखता येईना. मी गोऱ्हा हा शब्द तोंडातून काढला नाही. खोटं बोललो नाही. ज्याला डोळे होते त्यानं बघितलं होतं आणि ज्याला जीभ होती त्यानं सांगितलं होतं.

लेक पुढं आली. विहीणबाईंनी पुडी तिच्या तळहातावर सोडली, लालसर भुकटी. लेकीनं तोंडाकडं हात नेला, तांब्या लावला, घटाघट प्याली. मग खोकल्याची उबळ आली म्हणून गव्हाणीकडं तोंड करून वाकली. विहीणबाई उगवत्या सूर्याला हात जोडत होत्या. मला मात्र दिसलं. भुकटी कडब्यावर सांडली होती, तळहात तिनं पदराला पुसला होता. गाईनं तो कडबा जिभेनं साफ केला. पुढच्या वेताला त्या गाईला परत कालवडच झाली, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुडीचा निकाल लागला.

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही. गाडीत बसली.

त्यानंतरचे महिने मी आणि म्हातारीनं कसे काढले ते सांगत नाही. फोन वाजला की म्हातारी महादेवाच्या फोटोकडं बघायची. मी तिला म्हणायचो, "त्याच्याकडं बघू नको. झालं ते ठरून गेलंय. आता तो पण काय करू शकत न्हाई." तिला राग यायचा. पण मीही एक खोली सारवून घेतली होती, दोन पोरी आणि एक आई झोपतील एवढी. कशाला सारवली ते म्हातारीनं विचारलं नाही.

पोरगा झाला.

विहीणबाईंनी पेढ्यांचा मोठा बॉक्स पाठवला. त्यांच्या भाचीचं नाव परत कधी कानावर आलं नाही. मला आनंद झाला का म्हणून विचाराल तर झाला, पण त्या आनंदाला घाण वास होता. नाणं उडालं, आमच्या बाजूनं पडलं. दुसऱ्या बाजूनं पडलं असतं तर माझी तीच लेक, तीच अक्कल, तेच रूप घेऊन सारवलेल्या खोलीत आली असती.

बारशाला हॉल घेतला होता. पहिल्या पोरीचा पाळणा घरात झाला होता, दुसरीच्या पाळण्याला शेजारच्या चार बायका. ह्याला हॉल, खुर्च्यांना कापडं, दारात फुगे. म्हातारीनं बाळंतविडा नेला होता. स्वामी आले, आम्हा लिंगायतांच्या रीतीनं पोराच्या गळ्यात लिंग बांधलं. ह्याच स्वामींनी दोन्ही पोरींनाही ह्याच मंत्रानं, एवढंच लिंग बांधलं होतं. आमच्यात लिंग बांधताना पोरगा-पोरगी बघत नाहीत. उरलेला सगळा वेळ बघतात.

दोन्ही नाती नवे फ्रॉक घालून पानसुपारीचं ताट फिरवत होत्या. आणि विहीणबाई बायकांच्या घोळक्यात बसून सांगत होत्या. मी पुरुषांच्या बाजूला होतो, पण त्यांचा आवाज बाहेर रस्त्यावरचा माणूसही ऐकत असेल.

"पुडी लई जण देतेत वो, पण दूध पाहिजे तसलं. आमच्या इवाईबुवाच्या गोठ्यातलं. अस्सल देवणी, खाली गोऱ्हा. माझ्या पोरानं स्वतः बघून घेतला. हे बघा फळ पाळण्यात!"

"हो का? मग आमच्या सुनेला पण न्यावं लागंल," एक बाई म्हणाली. तिच्या शेजारी ती सून बसली होती. चेहरा सुजलेला, ओठ फुटलेले. तिची सासू सांगत होती, पुड्या चालू आहेत, पण दूध साधं पडलं, म्हणून उष्णता झाली. "अजून वेळ गेली नसंल न्हवं? पत्ता द्या की."

विहीणबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "ते काय, बसलेत की. इवाईबुवा, ह्यांना नाही म्हणू नका हां. आपलीच माणसं हायत."

आतापर्यंत लोक माझ्या दारात पुडीवाल्याच्या नावानं येत होते. आता माझ्या नातवाच्या नावानं येणार होते. मी खुर्चीवरून उठलो.

"विहीणबाई," मी म्हटलं, "ती कालवड होती."

"काय?"

"त्या दिवशी तुमच्या समोर बांधली होती ती कालवड. माझ्या गोठ्यातलं मला विचारा. तुमच्या सुनेनं कालवडीच्या गाईचं दूध प्यालं. आन पोरगा झाला तो आपला आपण झाला, जसा कुणालाही होतो. बापाच्या दोन बियातलं एक आधी पोचलं. दुसरं पोचलं असतं तर पोरगी झाली असती. त्यात पुडी न्हाई, दूध न्हाई आन तुमचं पुण्य पण न्हाई." मग त्या सुजलेल्या पोरीच्या सासूला म्हटलं, "बाई, तुमच्या सुनेला दवाखान्यात न्या. आजच न्या. माझ्या दारात आणाल तर कुत्रं सोडीन."

म्हातारी माझा सदरा ओढत होती, "अहो, बसा खाली."

विहीणबाई उभ्या राहिल्या. "खोटं बोलून राहिलेत! चांगलं झालेलं बघवत न्हाई ह्यांना. माझ्या पोरानं बघितलाय. सांग रे, गोऱ्हा होता का न्हाई?"

सगळा हॉल मास्तरकडं वळला. तो माईकची वायर गुंडाळत होता. वायर गुंडाळतच म्हणाला, "मला जनावरातलं काय कळतंय, आई."

"कळत न्हाई म्हणजे? तू वाकून बघितलं होतंस!"

तेव्हा पाळण्याजवळून लेकीनं सासूला सांगितलं. आवाज मोठा नव्हता. "कालवडच होती, आत्या. मी लहानपणापासून त्या गोठ्यात वाढलेय. आन पुडी मी खाल्लीच न्हाई. गव्हाणीत टाकली."

विहीणबाई खाली बसल्या. रडतील असं वाटलं, पण रडल्या नाहीत. पाळण्याकडं बघत राहिल्या, जणू त्यातला पोरगा आता परत मागितला जाणार होता.

आणि मग मागच्या रांगेतून एक बाई, हळूच, शेजारणीला विचारल्यासारखं, पण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हणजे कालवडीच्याच गाईचं दूध लागू पडलं म्हणायचं. ती गाय अजून दुधात हाय का वो?"

मी हॉलच्या बाहेर पायऱ्यांवर येऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं लेक आली. खांद्यावर पोरगा झोपलेला. मला वाटलं, म्हणेल, बरं केलंत अप्पा. ती म्हणाली, "झालं समाधान?"

"खरं ते बोललो."

"खरं बोललात. पण माझ्यासाठी न्हाई, तुमच्या गोठ्याच्या नावासाठी. आजच्या दिवस गप बसला असता तर काय बिघडलं असतं? मला ह्या घरात राहायचं हाय, तुम्हाला न्हाई."

"आता कोण काढतंय तुला? पोरगा हाय मांडीवर."

हे बोललो आणि माझं मलाच ते विहीणबाईंच्या तोंडचं वाटलं. लेकीनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अप्पा, बाळंतपणाला आत नेलं तेव्हाच मी डॉक्टरला सांगितलं होतं. पोरगा होऊ दे नाहीतर पोरगी, ह्याच वेळेला ऑपरेशन करून टाका. काय झालं ते मला नंतर कळलं. आधी ऑपरेशनचं ठरलं होतं. पोरगी झाली असती तरी मी तुमच्याकडं येणार नव्हते. वरच्या मजल्याच्या भाड्यावर माझा हक्क सांगितला असता, शिलाई टाकली असती, पण तिथंच राहिले असते. माझ्या पोरींची शाळा तिथं हाय."

मला त्या सारवलेल्या खोलीचं सांगायचं होतं. सांगितलं नाही. विचारलं, "जावयाला ठाऊक होतं?"

"दारात उभे होते. हो म्हणाले. अजून आत्यांना सांगितलेलं न्हाई." मग म्हणाली, "आन त्या दिवशी गोठ्यात त्यांना दिसलं होतं. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, कालवड आहे ती."

"मग तिथं गोऱ्हा कशाला म्हणाला? आन आज वायर गुंडाळत बसला! बोलायला काय झालं होतं त्याला?"

"तुम्ही तरी त्या दिवशी कुठं बोललात, अप्पा? तांब्यात बघून हसत बसला होता. मी तिथं उभी होते. तुम्ही दोघांनी मिळून आत्यांना फसवलं, आन प्यायला मला लावलं."

ह्यावर माझ्याकडं उत्तर आहे. माझी गाय, माझा गोठा, आणि विहीणबाईंना तिथल्या तिथं हाकललं असतं तर हिला त्याच गाडीतून परत जायचं होतं. पण हे सगळं सांगेपर्यंत पोरगा जागा झाला आणि ती त्याला थोपटत आत गेली. तिनं मागं बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं असं माझं आजही म्हणणं आहे.

मग मास्तर बाहेर आला. "मामा, पंगत बसलीय. चला जेवायला."

मी म्हटलं, "जावईबापू, एक सांगतो. घरात मिनमिन आन दवाखान्याच्या दारात हो, असं चोरून चोरून किती दिवस शहाणपण करणार? एक दिवस पोरी मोठ्या होऊन तुम्हालाच विचारतील, तुमच्याच पुस्तकातलं."

"विचारू देत," तो म्हणाला. "त्यांना तरी खरं सांगीन."

"आईला?"

जेवायला चला, एवढंच तो परत म्हणाला.

म्हातारीला वाटलं मी तसाच बस स्टँडवर जाईन. जाणार नव्हतो. आत जाऊन दोन्ही नातींच्या मधे बसलो. विहीणबाई खिरीचं पातेलं घेऊन वाढत आल्या. माझ्या आधीच्याला वाढलं, नातीला वाढलं, माझ्या पत्रावळीवरून हात तसाच पुढं नेला, पलीकडच्या नातीला वाढलं. सगळ्यांनी बघितलं. मी हात लांब केला, पातेल्यातली पळी काढून घेतली, दोन पळ्या खीर स्वतःच्या पत्रावळीवर ओतली, पळी परत पातेल्यात ठेवली आणि पोटभर जेवलो.